सातबारा मोबाइलवर आला, मग केंद्रावरची रांग का हटत नाही?

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यात बसून शेतकऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढता येतो. महाभूमी पोर्टलवर 15 रुपये भरायचे, तलाठ्याला गाठायची गरज नाही. तरीही दाखला, अनुदान, केवायसी म्हटलं की कागदांची पिशवी घेऊन आपले सरकार सेवा केंद्र गाठावं लागतंच. सेवा ऑनलाइन झाल्या, पण लोकांची धावपळ तेवढी कमी का झाली नाही?

मंगोलियात काय केलं?

2011च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या 19.59 लाख. एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे 250 माणसं. मंगोलियात एवढ्याच जागेत जेमतेम दोन. तिथला मेंढपाळ गुरांमागे फिरतो आणि 'सुम' म्हणजे आपल्या तालुक्यासारखं ठिकाण कित्येक किलोमीटर लांब. अशा देशाने ऑक्टोबर 2020मध्ये 'ई-मंगोलिया' हे एकच पोर्टल सुरू केलं. पोर्टल आपल्याकडेही आहेत. फरक पडला तो त्यामागच्या 'खूर' या माहिती देवाणघेवाणीच्या यंत्रणेमुळे. एका खात्याकडे असलेली नोंद दुसरं खातं तिथूनच घेतं, नागरिकाला ती पुन्हा आणायला सांगत नाही.

आपल्याकडे नेमकं इथेच अडतं. सरकारनेच दिलेला उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून सरकारच्याच दुसऱ्या पोर्टलवर चढवावा लागतो. फाइल मोठी झाली की अर्ज अडकतो, आणि फाइल लहान कशी करायची हे केंद्रचालकालाच माहीत असतं. रांगेतला बराच वेळ जातो तो इथे.

दोन योजना, दोन आराखडे

15 ऑगस्ट 2021पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत एक गोष्ट शहाणपणाची होती. शेतात रेंज नसली तरी फोटो काढून ठेवायचा आणि नेटवर्कमध्ये आल्यावर अपलोड करायचा. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंदही करता येते. घरात एकच स्मार्टफोन असतो, तोही मुलाकडे, हे गृहीत धरून केलेली ही सोय. ॲपच्या तक्रारी कमी नाहीत, आणि पेरा सातबाऱ्यावर चढला नाही तर सोयाबीन-कापूस हमीभावाने विकताना अडचण येते. पण निदान आराखडा गाव बघून केलेला होता.

सप्टेंबर 2025मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा उलट झालं. महिलेच्या आधारचा ओटीपी, त्यानंतर पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. ज्या विधवेचे वडीलही हयात नाहीत, तिने दुसरा ओटीपी आणायचा कुठून? आधारला जोडलेला जुना नंबर बंद पडलेल्यांची अडचण आणखी वेगळी. प्रश्न महिन्याच्या 1500 रुपयांचा होता. अखेर मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा महिलांना मृत्यू प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची मुभा मिळाली. म्हणजे पोर्टलने अडवलेलं काम पुन्हा गावातल्या माणसाकडेच आलं. हा विचार फॉर्म तयार करतानाच झाला असता तर?

केबल आली, पुढे काय?

2011मध्ये ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली, तीच पुढे 'भारतनेट' झाली. त्याच वर्षी राज्यात ग्रामपंचायतींत 'संग्राम' केंद्रं आली, आज त्यांच्या जागी आपले सरकार सेवा केंद्रं आहेत. पण केबल ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत येते. तिथे वीज आहे का, बिघाड कोण दुरुस्त करणार, चालकाचं मानधन वेळेवर मिळतं का, यावर पुढचं सगळं ठरतं.

अर्ज अडकला तर?

2015च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. त्यामुळे केंद्रावरून अर्ज क्रमांक असलेली पावती घेतल्याशिवाय निघू नका. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. सबळ कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे.