मसल कारचा श्वास: इनटेक बदललं की ट्यूनिंग का लागतं?

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे आलाय. टेक्सास, मिशिगन, न्यू जर्सीत नोकरीला असलेली आपली मुलं विचारतात, "काका, मस्टँग घेतलीय. कोल्ड एअर इनटेक लावू का? तासाभराचं काम आहे म्हणतात." काम खरंच तासाभराचं आहे. पण ते झाल्यावर इंजिनाच्या कॉम्प्युटरचा हिशेब बदलतो. तो कसा बदलतो हे न समजता पुढे गेलात, तर पिस्टन वितळून काही हजार डॉलरचा फटका बसू शकतो. आज त्या हिशेबाबद्दल बोलू.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या अमेरिकन गाडीत भलंमोठं व्ही-8 इंजिन. 1964 च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून ही जात मोजतात. त्याच वर्षी 17 एप्रिलला आलेली मस्टँग ही मसल कार नव्हे, 'पोनी कार', असं जाणकार भांडून सांगतात. भांडू देत. त्या काळी कार्ब्युरेटर होता. एअर क्लीनर बदलला की जेट बदलायचा, स्क्रू फिरवायचा, प्लगचा रंग बघायचा. आता स्क्रूच्या जागी फाइल आली आहे. उदाहरणाला आपण 2015 ते 2017 ची मस्टँग जीटी घेऊ. इंजिन 'कोयोटी', 4951 सीसी, अमेरिकेतल्या गाडीत 435 हॉर्सपॉवर.

हे इंजिन 6500 आरपीएमला मिनिटाला सुमारे सोळा हजार लिटर हवा ओढतं. पण इंजिनाला लिटरशी घेणं नाही, त्याला वजन लागतं. सोळा हजार लिटर म्हणजे समुद्रसपाटीला ढोबळमानाने 19 किलो हवा. लेहला साडेतीन हजार मीटरवर तेवढ्याच लिटरमध्ये जवळपास तीस टक्के कमी हवा भरते. तिथे आमच्या गाड्या चढावर धापा टाकायच्या, त्यात ड्रायव्हरचा दोष नसायचा. तापमानाचंही तसंच. 30 अंशांची हवा 60 अंशांवर गेली की तिचं वजन नऊ टक्क्यांनी घटतं. म्हणून 'कोल्ड एअर' हा शब्द. बॉनेटखालची तापलेली हवा टाळून बाहेरची थंड हवा घ्यायची.

आता एक गंमत बघा. कंपनीचा मूळ एअरबॉक्स बाहेरूनच, समोरच्या जाळीमागून हवा घेतो. तो काढून बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर बसवला, तर आवाज झकास येतो आणि हवा गरम जाते. आवाज वाढला की पिकअप वाढल्यासारखं वाटतं, तो भाग कानाचा. चांगल्या किटमध्ये फिल्टरभोवती बंद पेटी किंवा निदान उष्णता अडवणारी भिंत असते. ती नसेल तर किट घेऊ नका.

फायदा किती? फोर्डने स्वतः या गाडीसाठी विकलेल्या 'पॉवर पॅक 2' मध्ये इनटेक, मोठी थ्रॉटल बॉडी आणि ट्यून हे तिन्ही मिळून सुमारे 20 हॉर्सपॉवर वाढ सांगितली होती. 435 वर वीस म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. नुसत्या पाइपवर पन्नास हॉर्सपॉवर वाढल्याचं कोणी सांगत असेल, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

आता मुख्य मुद्दा, मास एअरफ्लो सेन्सर. फिल्टरच्या पुढच्या नळीत एक छोटा तापवलेला घटक असतो. हवा त्याला थंड करते, आणि तो गरम ठेवायला किती करंट लागला यावरून कॉम्प्युटर हवेचं वजन ठरवतो. पण सेन्सरला सगळी हवा दिसत नाही, त्याच्यासमोरून जाणारा थोडासा झोत दिसतो. बाकीचा अंदाज नळीच्या व्यासावर बांधलेला, आणि तो तक्ता कॉम्प्युटरमध्ये कंपनीने भरून ठेवलेला. समजा मूळ नळी 80 मिलिमीटरची आहे आणि किटची 90 ची. क्षेत्रफळ सव्वापटीहून थोडं जास्त झालं. तेवढीच हवा आता सावकाश वाहते, म्हणून सेन्सर जवळपास वीस टक्के कमी हवा सांगतो. कॉम्प्युटर त्या प्रमाणात पेट्रोल कमी देतो. मिश्रण 'लीन' होतं.

यावर मुलं म्हणतात, ऑक्सिजन सेन्सर आहे ना, तो दुरुस्त करेल. या गाडीत वाइडबँड सेन्सर आहेत, ते पेट्रोल बऱ्याच अंशी सावरूनही घेतील. पण ठिणगीचं काय? ठिणगी किती लवकर टाकायची हे कॉम्प्युटर 'लोड' बघून ठरवतो, आणि लोड मोजतो त्याच हवेच्या आकड्यावरून. हवा कमी दिसली की त्याला वाटतं इंजिनावर ओझं हलकं आहे. हलक्या ओझ्याला ठिणगी लवकर दिलेली चालते. प्रत्यक्षात तुमचा पाय पूर्ण दाबलेला, सिलिंडर गच्च भरलेला, आणि ठिणगी वेळेआधी. मग मिश्रण स्वतःहून भडकतं, म्हणजे नॉकिंग. तोफखान्याच्या लोकांना हे लगेच कळेल. तोफ ठीक, गोळा ठीक, पण हवामानाचा आकडा चुकीचा दिला तर गोळा भलतीकडे पडतो. नॉक सेन्सर ठिणगी मागे ओढून इंजिन वाचवायचा प्रयत्न करतात, आणि मग पैसे घालून पॉवर कमी झालेली असते. त्यांच्याही आवाक्याबाहेर गेलं की पिस्टनचा बळी.

काही किटवर 'ट्यूनची गरज नाही' असं लिहिलेलं असतं. त्यात सेन्सरजवळचा व्यास मूळचाच ठेवलेला असेल तर ते खरं असतं. वाढही मग माफक असते. माझ्या मते ज्याला रोज ऑफिसला जायचंय त्याने तेवढ्यावरच थांबावं.

माझा भाचा डॅलसला असतो. त्याच्याकडे 2016 ची जीटी आहे. त्याच्या ड्राइव्ह-वेवर आम्ही दोघांनी मोठ्या नळीचं किट बसवलं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं, सेन्सर त्याच्या टोकाला बोट न लावता काढला, एअरबॉक्स उचलला, नवी नळी बसवली. सेन्सरची दिशा बाणाप्रमाणे आहे ना, हे बघितलं. सगळ्यात जास्त वेळ मी क्लॅम्पवर घालवला. सेन्सरनंतरच्या कुठल्याही सांध्यातून किंवा क्रँककेसच्या बारीक होजमधून हवा घुसली, तर ती मोजलीच जात नाही आणि पुन्हा मिश्रण लीन. भाचा म्हणाला, "मामा, एवढं काय? मित्राने त्याची ट्यून फाइल दिलीय, ती टाकतो." मी त्याला ती टाकू दिली नाही. मित्राची नळी वेगळी, आणि तो राहतो कॅलिफोर्नियात, जिथे पंपावर सहसा 91 चं पेट्रोल मिळतं. डॅलसला 93 मिळतं. उलटा प्रकार असता, म्हणजे 93 ची फाइल आणि 91 चं पेट्रोल, तर आणखी वाईट. फाइल त्या गाडीची, त्या नळीची आणि त्या पेट्रोलचीच हवी.

ट्यूनिंग असं होतं. हातात मावणारं उपकरण ओबीडी सॉकेटला जोडायचं. आधी कंपनीची मूळ फाइल उतरवून दोन ठिकाणी जपून ठेवायची. नवी फाइल चढवताना बॅटरीला चार्जर लावलेला बरा. मध्येच व्होल्टेज पडलं तर कॉम्प्युटर अर्धवट अवस्थेत अडकू शकतो. किट बनवणाऱ्याने दिलेल्या नळीच्या आकड्यांवरून ट्यूनर हवेचा नवा तक्ता बनवतो. मग गाडी चालवून लॉग घ्यायचा, तो पाठवायचा, तो सुधारून देणार, पुन्हा लॉग. भाच्याच्या गाडीला तीन फेऱ्या लागल्या. एकाच फाइलमध्ये 'झालं' म्हणणाऱ्या ट्यूनरकडे जाऊ नका.

लॉगमध्ये तुम्ही स्वतः काय बघायचं? फ्युएल ट्रिम आधी बघा. शॉर्ट आणि लाँग मिळून पाच टक्क्यांच्या आत असेल तर हवेचा तक्ता जुळला. दहाच्या वर गेला तर पाय पूर्ण दाबायचाच नाही. दुसरं, पूर्ण थ्रॉटलला नॉकमुळे ठिणगी मागे ओढली जातेय का. तिसरं, इनटेकचं तापमान. डॅलसच्या जुलैत, 40 अंशांत, सिग्नलला उभं राहिल्यावर कुठलंही किट तापतं. ते हलत्या गाडीत किती लवकर उतरतं हे महत्त्वाचं. आणि फाइल चढवल्यावर धुराच्या तपासणीचे 'रेडिनेस' पुसले जातात, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी हे उद्योग करू नका. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या मंडळाचा ईओ क्रमांक असलेलंच किट कायदेशीर धरतात.

भारतात ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. 2016 मध्ये ती इथे आली तेव्हा आपल्या गाडीची ताकद 401 हॉर्सपॉवरच्या आसपास होती. अमेरिकन फाइल आणून चौतीस हॉर्सपॉवर परत मिळवू, असा मोह होतो. आधी पेट्रोलचे आकडे समजून घ्या. तिथला 93 हा दोन पद्धतींच्या सरासरीचा आकडा, आपला पंपावरचा आकडा आरओएन. तिथलं 93 म्हणजे आपल्याकडचं साधारण 98. साध्या नोझलवर ते मिळत नाही, शंभर ऑक्टेनचं मोजक्या पंपांवर मिळतं. शिवाय आता आपल्याकडे ई20 आहे. तिथल्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला एक किलोमागे साधारण 14.1 किलो हवा लागते, ई20 ला 13.5 च्या आसपास. म्हणजे चार-पाच टक्क्यांची सूट सुरुवातीलाच खर्च झाली.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं, 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-ए खाली बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. वर्दीतून निवृत्त झालो तरी त्यातून पळवाट सांगणं माझ्याने होणार नाही. ट्रॅकवर चालवायची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

फिल्टरबद्दल शेवटचं. तेल लावलेला कापडी फिल्टर धुऊन वापरता येतो, पण तेल जास्त झालं की ते सेन्सरवर बसतं आणि पुन्हा हवेचा आकडा चुकतो. राजस्थानच्या धुळीत काम केलेला माणूस म्हणून सांगतो, धूळ सिलिंडरमध्ये गेली की रिंग खाते. धुळीच्या भागात मी कोरडा फिल्टरच घेईन. आणि बंपरमागे अगदी खाली उतरणारं इनटेक पावसाळ्यात नको. तुंबलेल्या रस्त्यावर ते पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. रणगाड्याला नदी ओलांडताना वर उंच स्नॉर्कल लावतात ते काही हौस म्हणून नाही.

मूळ एअरबॉक्स टाकू नका, माळ्यावर ठेवा. गाडी विकताना लागतो. पुढच्या भागात एक्झॉस्ट घेऊ.