लाल दिवा वर का असतो?

गेल्या महिन्यात एक बावीस वर्षांचा तरुण वडिलांबरोबर दवाखान्यात आला. ट्रकवर क्लीनर होता, आता लायसन्स काढायचे होते. मी ठिपक्यांच्या आकड्यांचे इशिहारा पुस्तक समोर धरले. बहुतेक पानांवर त्याला आकडाच दिसेना.

"अरे, मग सिग्नल कसा ओळखतोस?"

"डॉक्टर, लाल वर असतो, हिरवा खाली. कुठला पेटलाय ते बघतो."

वडील अवाक झाले!

वाचकहो, त्याचे म्हणणे बरोबर होते. उभ्या सिग्नलवर लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली असा क्रम असतो. हिरव्यात निळसर झाकही ठेवतात, ती अशा डोळ्यांना मदत करते. खरी अडचण रात्रीची. चौकात एकच दिवा लुकलुकत असतो. लाल असेल तर थांबून, पाहून जायचे. पिवळा असेल तर वेग कमी करून. अंधारात खांब दिसत नाही. मग तो दिवा वरचा की मधला?

लाल-हिरव्याचा हा जन्मजात रंगांधळेपणा मुलाला आईमार्फत येतो. तिची नजर मात्र सहसा चांगली असते. (यावरून घरात वाद नकोत!) त्यावर औषध नाही. जून 2020 मध्ये केंद्राने नियम बदलले. सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना लायसन्स मिळू शकते, तीव्र असलेल्यांना नाही. याचा दोष किती, हे माझ्या पुस्तकावरून ठरेना. मी मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली.

"तोवर क्लीनरच राहू?" त्याने विचारले.

"तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही," मी म्हटले. वडिलांनी चिठ्ठी खिशात ठेवली.