विजेच्या पाणपोया

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमच्या एका आप्तांच्या विजेच्या मोटारींतून पुण्याहून कोल्हापुरास जाण्याचा योग आम्हांस आला. गाडीस आवाज नाहीं, धुराचें नांव नाहीं; प्रवास मोठा सुखाचा वाटला. सातारा मागें पडल्यावर बॅटरींत पांचवा हिस्साच वीज उरली, तेव्हां मोबाईलवरील नकाशांत दाखविलेल्या चार्जिंग स्टेशनाशीं आम्ही थांबलों. यंत्र उभें होतें, पाटीही झळकत होती. परंतु यंत्राचा पडदा काळा! राखणदारास विचारतां तो म्हणाला, "साहेब, पंधरा दिवस झाले, हें बंदच आहे." पुढील स्टेशन बरेंच दूर होतें. गाडींतील थंड हवेचें यंत्र बंद करून, घाम पुशीत, मंद गतीनें आम्ही कसेबसे तेथें पोहोंचलों. वाटेंत आमच्या भाच्यानें विचारलें, "मामा, नकाशांत स्टेशन आहे, रस्त्यावरही स्टेशन आहे, मग वीज कां नाहीं?" त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा यत्न करीत आहों.

प्रथम हें यंत्र करतें काय तें पाहूं. आपल्या घरीं येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणीं दिशा पालटणारी असते. बॅटरींत मात्र एकाच दिशेनें वाहणारी, म्हणजे दिष्ट वीजच सांठवितां येते. मंद चार्जर प्रत्यावर्ती वीज जशीच्या तशी गाडीस देतो व तिचें रूपांतर गाडींतील लहानसें यंत्र करतें. बॅटरी ४० युनिटांची असली व चार्जर ताशीं ७ युनिटें देत असला, तर ती पूर्ण भरण्यास सुमारें ६ तास लागतात. जलद चार्जर हें रूपांतर आपल्या मोठ्या पेटींत आधींच करून वीज थेट बॅटरींत सोडतो. तो ताशीं ५० युनिटें देऊं शकतो; म्हणून वाटसरूचें काम पाऊण तासांत होऊं शकतें. मात्र वीज सोडण्यापूर्वीं यंत्र व गाडी यांच्यांत संदेशांची देवघेव होते. प्लग घट्ट बसला आहे काय? तारेचें आवरण शाबूत आहे काय? किती वीज द्यावयाची? यांतील एकाही प्रश्नाचें उत्तर नीट न आल्यास यंत्र वीज सोडीतच नाहीं. आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनें तें योग्यच आहे.

आतां आपल्या देशांत हीं स्टेशनें कशीं वाढलीं तें ऐका. गाडीची बॅटरी भरून देणें ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, व त्यासाठीं वीजविक्रीचा परवाना नको, असा खुलासा सन २०१८ मध्यें केंद्र सरकारनें केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत शहरांत दर ३ किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत निदान एक, व हमरस्त्यावर दर २५ किलोमीटरांस दोन्ही बाजूंस एकेक स्टेशन असावें, असें ठरलें. सन २०२३ मध्यें तीन सरकारी तेल कंपन्यांस ७,४३२ जलद स्टेशनांसाठीं ८०० कोटी रुपये मंजूर झाले. फेब्रुवारी २०२४ मध्यें देशांतील सार्वजनिक स्टेशनांची संख्या १२,१४६ होती. त्यांपैकीं ३,०७९ एकट्या महाराष्ट्रांत होतीं. ही वाढ कौतुकास्पद आहे, यांत संशय नाहीं.

परंतु हे आंकडे उभारलेल्या स्टेशनांचे आहेत; त्यांतील किती चालतात, हें त्यांवरून कळत नाहीं. हा भेद केवढा असूं शकतो, हें अमेरिकेंतील एका तपासणीवरून दिसतें. सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराच्या परिसरांतील सर्व खुल्या जलद स्टेशनांवर संशोधक स्वतः गेले व ६५७ प्लग त्यांनीं एकेक करून तपासले. सन २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें त्यांतील ७२.५ टक्केच कामाचे होते. यंत्रें चालविणाऱ्या कंपन्या मात्र ९५ ते ९८ टक्के सांगत होत्या! कोठें पडदा बंद, कोठें पैसे स्वीकारले जात नाहींत, कोठें संदेशवहन तुटलेलें, कोठें प्लग मोडलेला, तर कोठें तारच गाडीच्या तोंडापर्यंत पोहोंचेना.

असें कां होतें? एक कारण असें कीं, एका यंत्रामागें अनेक हात असतात. वीज पुरविणारा निराळा, जागेचा मालक निराळा, यंत्र बनविणारा निराळा, पैशाचा व्यवहार पाहणारा निराळा. शिवाय मोबाईलचें जाळें मध्येंच क्षीण होतें. साखळीची एक कडी तुटली तरी वाटसरूस वीज मिळत नाहीं, आणि दोष कोणाचा हें ठरेपर्यंत पंधरा दिवस जातात. दुसरें कारण असें कीं, जेथें दिवसाकांठीं दोनतीनच गाड्या येतात, तेथें दुरुस्तीस माणूस धाडण्याचा खर्चही सुटत नाहीं. उद्घाटनास फीत कापावयास पुष्कळ जण येतात. काळा पडदा उजळावयास कोण येणार?

यावर उपाय नाहीं असें नव्हे. ब्रिटनमध्यें सन २०२३ चे नियम आहेत. त्यांप्रमाणें नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक चालकाचीं जलद यंत्रें वर्षांत सरासरी ९९ टक्के वेळ चालू असलींच पाहिजेत. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा : ३६५ दिवसांचा शंभरावा भाग म्हणजे पावणेचार दिवसांहूनही कमी. शिवाय अडलेल्या प्रवाशासाठीं अहोरात्र माणूस उत्तर देईल असा निःशुल्क फोन तेथें ठेवावा लागतो. सारांश, नुसतीं यंत्रें न मोजतां सेवा मोजली कीं चालक जागा राहतो.

पालकांस आमची विनंति आहे कीं, अशा गाडींतून मुलाबाळांसह निघतांना वाटेंतील एका स्टेशनावर सर्व भिस्त ठेवूं नये. त्याच्या पुढचें स्टेशन गांठण्यापुरती वीज शिल्लक असावी. यंत्र बंद दिसल्यास मुकाट्यानें निघून न जातां तक्रार नोंदवावी. मागून येणाऱ्याचा तेवढाच त्रास वांचेल. बॅटरी ८० टक्के भरल्यावर तिचा वेग बहुधा मंदावतो. तेव्हां मागें कोणी थांबला असल्यास जागा मोकळी करावी. आणि पेट्रोलची गाडी त्या जागीं कधींही उभी करूं नये.

आपल्याकडे उन्हाळ्यांत वाटेवर पाणपोई घालण्याची जुनी चाल आहे. मांडव घालण्यास एक दिवस पुरतो. रांजण मात्र रोज धुवावा व रोज भरावा लागतो. तहानलेला वाटसरू दुरून मांडव पाहून येतो, आणि रांजण कोरडा निघाला तर मांडव नसता तर बरें होतें, असें त्यास वाटतें. कारण त्या भरंवशावर त्यानें मागची विहीर सोडलेली असते. आमच्या भाच्याच्या प्रश्नाचें उत्तर हेंच : स्टेशन उभारणारे होते, रांजण रोज पाहणारा कोणी नव्हता. आज वर्गांत बसलेल्या मुलांपैकीं कोणी उद्यां हीं यंत्रें बनवितील, कोणी दुरुस्त करतील, कोणी त्यांचे नियम करतील. त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, एवढीच आमची इच्छा आहे.