उशाशी ग्रहण

रात्रीचे अकरा वाजलेत. एकाला पुस्तकाची आणखी दहा पाने वाचायची आहेत आणि शेजारच्याला पहाटे उठायचे आहे. मोठा दिवा लावला तर शेजारचा कूस बदलून उशीत डोके खुपसतो, बंद केला तर पुस्तक राहते. घरोघरच्या या तंट्यावर मिलानच्या एका वास्तुविशारदाने 1965 साली एक उत्तर काढले. वीज कमी-जास्त करण्याच्या फंदात न पडता त्याने दिव्यालाच ग्रहण लावले.

व्हिको माजिस्त्रेत्ती हे त्याचे नाव. आर्तेमिदे या इटालियन कंपनीसाठी त्याने आखलेल्या या छोट्या टेबललॅम्पचे नाव ‘एक्लिस्से’, म्हणजे ग्रहणच. रंगवलेल्या धातूच्या तीन अर्धगोल वाट्या, एवढाच त्याचा संसार. एक बैठकीची, एक बल्बमागे पक्की बसवलेली आणि तिसरी त्या दुसरीच्या आत फिरणारी. आतली वाटी बोटाने फिरवली की ती बल्बसमोर सरकत येते, चंद्र सूर्यासमोर यावा तशी. पूर्ण झाकला की कडेने उजेडाची बारीक कड तेवढी उरते. व्हिक्टर ह्युगोच्या ‘ले मिझेराब्ल’मधल्या ज्याँ वालज्याँच्या झाकता येणाऱ्या कंदिलावरून ही कल्पना सुचल्याचे माजिस्त्रेत्ती सांगत असे. 1967 मध्ये दिव्याला इटलीतला कोंपासो दोरो हा मानाचा पुरस्कार मिळाला. दिवा जेमतेम 18 सेंटीमीटर उंच आहे आणि आजही तयार होतो.

दिसायला देखणा म्हणून त्याचे कौतुक पुष्कळ झाले. पण त्याने नेमके काय साधले होते, याचे शास्त्र उलगडायला पुढची 35-40 वर्षे जावी लागली. डोळ्यांच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही प्रकाशसंवेदी चेतापेशी असतात, हे 2002 मध्ये स्पष्ट झाले. त्यांत मेलानॉप्सिन नावाचे द्रव्य असते. समोरची वस्तू गोल की चौकोनी, हे सांगणे त्यांचे मुख्य काम नव्हे. दिवस आहे की रात्र, ही खबर त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. रात्री असा प्रकाश डोळ्यांत शिरला की मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे मंदावते आणि झोप लांबते.

किती उजेड चालेल? तज्ज्ञांच्या एका गटाने 2022 मध्ये त्याचे आकडे दिले. या पेशींच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेला, डोळ्यांपाशी पोहोचणारा प्रकाश झोपेच्या आधीचे तीन तास 10 लक्सच्या आत असावा आणि प्रत्यक्ष झोपेत 1 लक्सच्या आत. आता थोडा हिशेब करू. जुना 25 वॅटचा बल्ब साधारण 200 ल्युमेन प्रकाश देतो. तो उघडा, डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर असेल तर डोळ्यांवर सुमारे 60 लक्स पडतात. पिवळसर प्रकाशात निळा भाग कमी असल्याने या पेशींच्या मोजणीत तो आकडा साधारण निम्मा धरावा, म्हणजे 30. मर्यादेच्या तिप्पट! तोच बल्ब डोळ्यांच्या बाजूने झाकला आणि उजेड पानावर किंवा भिंतीवर सोडला तर डोळ्यांत फक्त परावर्तित प्रकाश येतो, आणि तो कितीतरी कमी असतो. वाचणाऱ्याला पान दिसते, झोपणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट झोत येत नाही.

घरात आजी-आजोबा असतील तर मुद्दा आणखी नाजूक होतो. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळे पडते आणि बाहुली लहान होते. विशीतल्या डोळ्यांच्या तुलनेत साठीत पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यामुळे त्यांना पानावर जास्त उजेड लागतोच. तो ट्यूबलाइटने द्यायचा की पानापुरता, एवढाच प्रश्न असतो. आपल्याकडच्या ‘झिरो’च्या बल्बने वाचन होत नाही आणि नावात शून्य असले तरी तो जुना बल्ब वीज खातच असे.

या दिव्याची खोड मात्र सांगायला हवी. तारेच्या बल्बमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाते. वाटी जितकी झाकावी तितकी ती उष्णता आत कोंडते, आणि उजेड कमी करायला गेलेल्या बोटाला चटका बसतो. शिवाय झाकल्याने वीज काही वाचत नाही. विजेच्या डिमरने तारेचा बल्ब मंद केला तर तार थंडावून प्रकाश लालसर होतो, झोपेच्या दृष्टीने ते बरेच. इथे रंग बदलत नाही, फक्त प्रमाण बदलते.

एलईडीने ही खोड बरीचशी घालवली. तीन-चार वॅटमध्ये तेवढाच उजेड मिळतो आणि चटकाही बसत नाही. मात्र खोक्यावरचा केल्विनचा आकडा पाहून घ्यावा. 2700चा बल्ब पिवळसर, तर 6500चा निळसर पांढरा. उशाशी दुसरा नको. एलईडीला आपलीच उष्णता बाहेर टाकावी लागते, त्यामुळे झाकलेल्या दिव्यात साधा एलईडी लवकर जातो. बंद दिव्यात चालेल, असे लिहिलेलाच घ्यावा.

हाच दिवा हवा असेही नाही. बल्ब डोळ्यांआड ठेवणारी, फिरवता येणारी कोणतीही झाकणी चालेल. फक्त निजताना ती जवळजवळ मिटून ठेवावी. मध्यरात्री लघवीला उठल्यावर एकदम लख्ख दिवा लागला की अंधाराला सरावलेली नजर दिपते. ती पुन्हा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे जातात आणि दिवा मालवून परतताना नेमका उंबरठा दिसत नाही. झाकणी मिटलेली असेल तर बटण दाबल्यावर कडेची बारीक कड तेवढी उजळते. तेवढ्यात चपला सापडतात, भिंतीचा आधारही दिसतो.