दिवसाला एक मिलिमीटर

जन्मतः एक पाय आखूड असलेल्या बालकाच्या वाट्याला पूर्वी जाड तळव्याचा बूट येई. व्यंग फारच मोठे असले, तर पाय कापण्याचाच सल्ला मिळे. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात निराळी वाट काढली. १९८१ मध्ये इटलीमार्गे ती पश्चिमेस ठाऊक झाली. हाड छेदायचे, पायाभोवती कड्यांची चौकट तारांनी बसवायची आणि तुकडे रोज एक मिलिमीटर दूर सारायचे. फटीत नवे हाड धरते. पाच सेंटिमीटरांना पन्नास दिवस, ते घट्ट व्हायला आणखी शंभरेक. शस्त्रक्रिया काही तासांची. पेच मात्र दिवसातून चार वेळा घरीच फिरवायचे, बहुधा आईने. सरकारने शस्त्रक्रियेचा खर्च उचलला, तरी या पाच महिन्यांत तिची बुडणारी मजुरी कोण भरून देणार, हे आम्हांस विचारावेसे वाटते.