सोका संगीताचा ताल, वायफायची कमाल!

माहीत आहे का? लंडनमधला कॅरिबियन उत्सव, नॉटिंग हिल कार्निव्हल, 2020 मध्ये पहिल्यांदाच रस्ता सोडून थेट ऑनलाइन भरला! कोरोनानं रस्ते बंद केले, तर स्टील बँड, डीजे, पिसांचे मुकुट सगळे चार चॅनेल्सवर लाइव्ह. ज्याचा हॉल, त्याचा डान्स फ्लोअर!

पण लंडनमधल्या कार्निव्हलची स्क्रीनवरची ही पहिली एंट्री नव्हे हं. तारीख 30 जानेवारी 1959. आदल्याच वर्षी नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळ्यांनी कॅरिबियन लोकांवर हल्ले केले होते. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार क्लॉडिया जोन्स यांनी त्यावर तोड काय काढली? कार्निव्हल! भर थंडी, म्हणून सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये, छपराखाली. आणि बीबीसीनं तो टीव्हीवर दाखवला! वायफायचा पत्ता नव्हता, कार्निव्हल मात्र घरात शिरला होता. सलाम, क्लॉडियाबाई!

आणि या कार्निव्हलचं माहेर, खुद्द त्रिनिदाद? 1972 मध्ये पोलिओमुळे कार्निव्हल मे महिन्यात ढकलला, तर पावसानं गाठलं. 2021 मध्ये कोरोनामुळे थेट रद्द.

तिथं पोशाख करून मिरवणुकीत नाचणं म्हणजे 'मास खेळणं'. मासळीशी संबंध नाही, शब्द आला मास्करेडवरून! आता न्यूयॉर्कमध्ये बसून पोशाख निवडा, साइज भरा, पैसे ऑनलाइन. पिसं जास्त, तसं बिल जास्त!

आणि कार्निव्हलच्या सोमवारी पहाटेचा 'जूव्हे'? अंगभर चिखल, रंग, तेल. मग सेल्फी कसा? फोन प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये, पाउच गळ्यात, आणि पाउचवर चिखलाचा ठसठशीत अंगठा!

बार्बाडोसचा 'क्रॉप ओव्हर' मूळचा ऊसतोड संपल्याचा उत्सव. 2017 मध्ये तिथली लेक, गायिका रिहाना निळे केस आणि पिसं मिरवत उतरली, नि इन्स्टाग्राम पेटलं!

26 जुलै 2022 ला गूगलच्या डूडलवर स्टीलपॅन झळकला. हीच तारीख का? 1951 मध्ये याच दिवशी त्रिनिदादच्या 'टास्पो' या स्टीलपॅन वाद्यवृंदानं लंडन दणाणून सोडलं होतं. स्टीलपॅन म्हणजे तेलाचं पिंप हातोडीनं ठोकून ठोकून त्यातून सूर काढायचे, काय जिद्द!

आता आपल्या कानांसाठी खास. माहीत आहे का, त्रिनिदादमध्येही 'तासा' वाजतो? हो, आपल्या ताशाचाच भाऊबंद! 1845 पासून मळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांच्या वस्तीत तो रुजला. पुढे तिथल्याच गायिका द्रुपती रामगुनाई यांनी 1987 मध्ये 'चटणी सोका' नावाचं गाणं गायलं, आणि अख्ख्या संगीतप्रकाराला चटकदार नाव मिळालं. यूट्यूबवर तासा शोधाच. वाजवण्याआधी कातडं आगीवर शेकताना दिसेल, मग पहिला टणत्कार. हेडफोन लावा, व्हॉल्यूम फुल!