आखणीची भीती

शाडूचा गणपती घरी घडवण्याची हौस आता गिरगावच्या चाळींपासून दादरच्या सोसायट्यांपर्यंत पोहोचली आहे. माती मळली जाते, सोंड वळते, पितांबराला रंग चढतो आणि काम अडते ते डोळ्यांपाशी. नऊ इंचांच्या मूर्तीचा डोळा तो केवढा! त्यात पापणी, बुबुळ, बाहुली आणि तेजाचा ठिपका, सगळे बसवायचे. पुष्कळजण इथे ब्रश खाली ठेवतात आणि आखणी दुसऱ्या कुणाकडून करून घेतात. ‘हात स्थिर नाही’ हे ठरलेले कारण. हात कापतो हे खरेच, पण भीतीचे मूळ तिथे नाही. शेवटच्या रेघेला आपण आधीच्या सगळ्या कामापासून तोडून पाहतो, म्हणून ती एवढी अवघड वाटते.

परळ-लालबागच्या गणपतीच्या कारखान्यांत कामाचा क्रम पाहावा. साच्यातून निघालेली मूर्ती सुकते, पॉलिश पेपरने घासली जाते, तिला सफेद रंग बसतो, मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने आणि सर्वांत शेवटी आखणी. नवा मुलगा घासकामापासून सुरुवात करतो. सपाट रंग, काठ, दागिने असे करत त्याचा ब्रश बारीक होत जातो. डोळ्यांपर्यंत येईतो बारीक रेघ त्याच्या अंगवळणी पडलेली असते. सूक्ष्म कामाची ही रीत फार जुनी. अकबराच्या चित्रशाळेत मीर सय्यद अली आणि अब्दुस समद यांच्या देखरेखीखाली ‘हम्जानामा’ची सुमारे 1400 चित्रे तयार झाली, त्याला जवळपास 15 वर्षे लागली. मुघल चित्रशाळेत अनेकदा एकाने रेखाटायचे, दुसऱ्याने रंग भरायचे आणि चेहरे त्यात तरबेज असलेल्याने करायचे, अशी वाटणी असे. चौदाशे चित्रांचा डोंगर एकट्याच्या डोक्यावर कधी नव्हताच. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांसमोर उभे राहिले की आपण तयार पान पाहतो आणि दबून जातो. त्यामागच्या पायऱ्या दिसत नाहीत.

कुणी म्हणेल, कारखान्यात हात दहा, घरी एकच. खरे आहे. पण माणसांत न वाटता येणारे काम दिवसांत वाटता येते. एक डोळा पुरा करून दुसरा त्याच्याशी जुळवत बसणे हा सर्वांत कठीण मार्ग. त्यापेक्षा दोन्ही डोळ्यांचा पांढरा रंग आधी, मग दोन्ही वरच्या पापण्या, मग दोन्ही बुबुळे, अशी जोडीने आखणी करावी. करंगळी मूर्तीवर टेकवली की हाताला आधार मिळतो. तीच रेघ आधी कागदावर आणि मग सफेदा दिलेल्या मातीच्या गोळ्यावर घोटावी, कारण कागद सपाट असतो आणि गाल गोल. रेघ चुकली तर? खालचा अ‍ॅक्रिलिक रंग पक्का सुकलेला असेल, तर ओली रेघ दमट ब्रशने उचलता येते. पोस्टर रंग मात्र खालून विरघळतो. तिथे पुसायला जाऊ नये, सुकू द्यावे आणि वरून पांढरा देऊन पुन्हा आखावे.

याहून खोल आक्षेप श्रद्धेचा आहे: देवाचा डोळा तिरका झाला तर? या धास्तीची टिंगल करू नये. तिच्यात आदर आहे. पण मूर्तीत देवत्व येते ते चतुर्थीला, प्राणप्रतिष्ठेने. तोवर ती माती असते. कारागीर तिला आडवी करतो, खरवडतो, पुन्हा लिंपतो आणि त्यात कुणाला अनादर दिसत नाही. दुरुस्तीची ही मुभा परंपरेनेच दिलेली असताना घरच्या हौशी हाताने ती का नाकारावी? अडचण खरी येते ती वेळेची. श्रावणातल्या दमट हवेत शाडू सावकाश सुकतो, घाईने उन्हात ठेवला तर तडकतो, आणि मग रंगकाम मागे पडत आखणी चतुर्थीच्या आदल्या रात्रीवर येते. त्या रात्री चुकायला जागाच उरत नाही. माती आषाढातच मळली, तर आखणीला आठवडा मिळेल आणि डोळा दोनदा पांढरा करून तिसऱ्यांदा आखता येईल.